मंगळावर उडताना खरी अडचण कुठली, विरळ हवा की न ओळखता येणारी जमीन?

केळीपट्टा (यावल)

मी केळी आणि कपाशीवर फवारणीचा ड्रोन चालवतो, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. मंगळावरच्या 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टरचं नाव निघालं की जो तो हेच सांगतो, तिथली हवा आपल्या हवेच्या जेमतेम एक टक्का, म्हणून उडणं कठीण. मला हे अर्धंच उत्तर वाटतं.

हवेचा प्रश्न नासाच्या लोकांनी सोडवला होता. यंत्राचं वजन 1.8 किलो. टोकापासून टोकापर्यंत 1.2 मीटर भरणाऱ्या पात्यांच्या दोन जोड्या एकमेकींच्या उलट दिशेने मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे घ्यायच्या. 19 एप्रिल 2021 ला ते पहिल्यांदा 39 सेकंद हवेत राहिलं. पाच उड्डाणांसाठी पाठवलेलं यंत्र 72 वेळा उडालं आणि 17 किलोमीटर फिरलं. मग 18 जानेवारी 2024 ला पडलं कशामुळे? खालची जमीन ओळखू न आल्यामुळे.

मंगळावर जीपीएस नाही. पूर्ण ग्रहाला व्यापणारं चुंबकीय क्षेत्रही नाही, म्हणजे होकायंत्राचा आधार गेला. मग ते स्वतःला सांभाळायचं कसं? खाली बघणारा एक काळा-पांढरा कॅमेरा सेकंदाला 30 फोटो घ्यायचा. या फोटोत दिसलेला दगड पुढच्या फोटोत किती सरकला, यावरून आपण किती सरकलो ते काढायचं. शेवटच्या उड्डाणात खाली होत्या वाळूच्या लाटा, ओळखीला दगडच नव्हते. ते 12 मीटर वर गेलं आणि उतरताना आडवा वेग चुकल्यामुळे वाळूच्या उतारावर आदळलं.

हे मी स्वतः भोगलंय. तापीच्या पात्रात एकदा सकाळी घाईत, उपग्रहाचा सिग्नल लागायच्या आधीच छोटा कॅमेरा ड्रोन वर सोडला. खाली वाहतं पाणी. ड्रोनला वाटलं आपणच सरकतोय, म्हणून तो पाण्याबरोबर निघाला. मी काठाकाठाने धावत, हातातल्या रिमोटच्या काड्या उलट्या ओढत कसाबसा त्याला वाळूवर आणला. मंगळावर असं धावणारं कोणी नाही. आज्ञा पोहोचायलाच 3 ते 22 मिनिटं लागतात, आणि उड्डाण तेवढ्यात संपूनही जातं. म्हणून माझं मत, परग्रहावर उडण्यातली पहिली अडचण नजरेची आहे, हवेची नंतर.

फळा आणि खडू (भुसावळ)

केळीपट्टा, अनुभव मोलाचा आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणून मुळापासून सांगतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 46 वर जातो तेव्हा हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ झालेली असते. तेवढ्यानेही तुमचा ड्रोन तीच टाकी उचलायला जास्त बॅटरी खातो. मंगळावर नव्व्याण्णव टक्के हवा नाहीच. पृथ्वीवर तेवढी विरळ हवा हवी असेल तर सुमारे 30 किलोमीटर वर जावं लागेल. हेलिकॉप्टरचा उंचीचा जुना विक्रम 1972 चा आहे, फ्रान्सच्या झाँ बूले यांचा, तो साडेबारा किलोमीटरलाही पोहोचत नाही. गुरुत्वाकर्षण तिथे 38 टक्के आहे, तो दिलासा खरा, पण शंभरपट विरळ हवेपुढे तो पुरत नाही.

बरं, पाती आणखी जोरात फिरवावीत म्हणाल, तर तीही वाट बंद. त्या पात्याचं टोक सेकंदाला जवळपास 160 मीटर वेगाने धावत होतं. मंगळाच्या थंड कार्बन डायऑक्साइडमध्ये आवाजाचा वेगच सुमारे 240 मीटर. त्याच्या जवळ गेलात की पातं हवा ढकलण्याऐवजी तिच्याशी झगडायला लागतं.

आता तुमच्या नजरेकडे येतो. वाट काढायला कॅमेरा एकच का होता? वजन नव्हतं म्हणून. बॅटरी लहान का? वजन नव्हतं म्हणून. त्या बॅटरीतली बरीचशी ऊर्जा रात्री उणे 90 अंशांत यंत्र गोठू नये म्हणून ऊब देण्यातच जायची. आणि शेवटच्या दिवशी पाती तुटली कशी? डिसेंबर 2024 मध्ये नासाने सांगितलं की आदळल्यावर यंत्र झटक्याने कलंडलं आणि तो ताण पात्यांना सोसवला नाही. ती टोकापासून सुमारे एक तृतीयांशावर, जिथे सर्वांत कमजोर होती, तिथे मोडली. पाती इतकी नाजूक का करावी लागली? उत्तर पुन्हा हवाच. तुम्ही ज्याला नजरेचा दोष म्हणता तो विरळ हवेने लादलेल्या गरिबीचा दोष आहे.

गिरणाथडी (भडगाव)

दोघांचं वाचलं. माझा प्रश्न वेगळा आहे आणि मी रागाने विचारत नाही. आठे पानी नही, नि तठे उडानी बात! त्या हेलिकॉप्टरवर साडेआठ कोटी डॉलर गेले म्हणतात. आमच्याकडे कपाशीच्या दोन पावसांत महिन्याचा खंड पडला की घरात बोलणं बंद होतं. जमिनीवर चालणारी गाडी आहे की. 'ऑपॉर्च्युनिटी' गाडी 14 वर्षं चालली, 45 किलोमीटर गेली, तिला कोणी हवेत फेकलं नव्हतं. उडायचा अट्टहास कशाला?

केळीपट्टा

दादा, तुमच्या विहिरीच्या पाण्याशी मी याचा ओढूनताणून संबंध लावणार नाही. तसा तो नाहीच. एवढंच सांगतो की गाडी कडेकपारीत उतरू शकत नाही आणि पुढच्या टेकडीमागे काय आहे ते तिला दिसत नाही. इंजेन्युइटीने पुढे जाऊन 'पर्सिव्हिअरन्स' गाडीला वाट बघून दिली, ज्या दगडधोंड्यांत गाडी अडकली असती ते आधी दाखवलं. आणि त्यात बरंच सामान बाजारातलं होतं. मेंदू म्हणून मोबाइल फोनमध्ये असते तसली चिप, बॅटरीत सहा लिथियम सेल. पूर्ण मोहिमेच्या 270 कोटी डॉलरपुढे हा खर्च फार नाही. आपलं मंगळयान 450 कोटी रुपयांत 2014 मध्ये कक्षेत पोहोचलं तेव्हा तुम्हालाही बरं वाटलं असेल, माझा अंदाज आहे.

गिरणाथडी

बरं वाटलं, खोटं का बोलू. पण बरं वाटणं आणि हिशोब या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, इतकंच म्हणणं आहे.

सारंगखेड्याची (नंदुरबार)

फळा सर, तुमचं 'सगळं हवेमुळे' हे मंगळापुरतं ठीक. दुसरे ग्रह घ्या. शुक्रावर हवा भरपूर आहे, पृष्ठभागावर दाब आपल्या नव्वद पट, पण तापमान 460 अंशांच्या वर. सोव्हिएत यान 'व्हेनेरा 13' 1982 मध्ये तिथे उतरलं आणि 127 मिनिटं टिकलं. तरीही शुक्रावर उडून झालंय! जून 1985 मध्ये सोव्हिएत 'वेगा' यानांनी हेलियमचे दोन फुगे सोडले. ते सुमारे 54 किलोमीटर उंचीवर, जिथे उष्णता आणि दाब सोसण्याजोगा आहे, तिथे दोन दिवसांच्या आसपास तरंगले आणि प्रत्येकी 11 हजार किलोमीटरच्या वर वाहत गेले. पाती नाहीत, नजर नाही, उतरायचं तर नाहीच. मला हे उड्डाण सर्वांत शहाणपणाचं वाटतं. वाऱ्याशी भांडत बसण्यापेक्षा वाऱ्यावर बसायचं.

फळा आणि खडू

फुगा हव्या त्या जागी उतरत नाही आणि थांबतही नाही. दगड हातात घेऊन बघायचा असेल तर त्याचा उपयोग नाही. पण उंचीची निवड महत्त्वाची, हे मान्य.

ड्रोनवाली ताई (शिरपूर)

मी बचत गटातून ड्रोन शिकले, आता दोन हंगाम फवारणी करतेय. केळीपट्टा भाऊ नजर म्हणतात, सर हवा म्हणतात. मला वाटतं दोघेही उडण्याबद्दल बोलताय, उतरण्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या शिकवणीत पहिली गोष्ट सांगितली ती ही की ड्रोन वर सोडण्याआधी शेत पायी फिरून या. तारा कुठे, विहीर कुठे, उतरायला सपाट बांध कुठे. मी आजही फिरते. मंगळावर पायी कोण फिरणार? वरून फिरणाऱ्या यानाचे फोटो होते, पण त्यात एक ठिपका म्हणजे साधारण पाऊण ते एक फूट. तेवढ्यात वाळूच्या लाटेचा उतार नेमका कसा कळणार.

म्हणून मला शनीच्या टायटन उपग्रहावर जाणारं 'ड्रॅगनफ्लाय' आवडतं. 2028 च्या जुलैत निघून 2034 मध्ये पोहोचायचं ठरलंय. तिथे सरांची अडचणच नाही. हवा आपल्यापेक्षा चौपट दाट, गुरुत्वाकर्षण सातव्या हिश्शाचं, म्हणून आठ पात्यांचं मोटारगाडीएवढं यंत्र उडू शकतं. थंडी मात्र उणे 179 अंश, म्हणून अणुऊर्जेची बॅटरी. निरोप पोहोचायलाही तासाच्या वर लागतो. आणि उतरायचं कुठे? वाळूच्या टेकड्यांच्याच प्रदेशात. त्यावर त्यांनी काढलेली युक्ती आमच्यासारखीच आहे. आधी पुढे उडून जागा बघून यायची, मग ओळखीच्या जागी परत उतरायचं. नव्या जागी उतरायचं ते ती बघून झाल्यावरच.

केळीपट्टा

ताई, हे मला सुचलं नव्हतं. बघून परत यायचं तर मागे वळण्याइतकी बॅटरी शिल्लक लागते. आणि ती मंगळावर का नव्हती, तर सरांनी सांगितलं त्याच कारणाने. एवढा भाग मी मागे घेतो. पण सर, एक सांगा. पुढच्या मंगळ हेलिकॉप्टरला पाव किलो वजन जादा मिळालं, तर तुम्ही ते कुठे घालाल? मी वाट काढायला तिरकं बघणारा दुसरा कॅमेरा लावेन, उतरायच्या आधी वाळू लांबूनच दिसली पाहिजे.

फळा आणि खडू

पाव किलो पात्यांत घालेन, एक ग्रॅमही दुसरीकडे नाही. पाती मजबूत असती तर ते आदळूनही पुन्हा उठलं असतं.

ड्रोनवाली ताई

मी पायांत घालेन. माझा ड्रोन दोनदा वाकडा उतरलाय, दोन्ही वेळा पायांनी वाचवला.