बढती हवी तर माणसं सांभाळा, नाहीतर आहात तिथेच बसा: ही सक्ती योग्य आहे का?

साठ मायक्रॉन

भोसरीतल्या एका टूलरूममध्ये (जिथे कारखान्यांसाठी साचे बनतात) मी १६ वर्षं काम करतोय. दहावीनंतर औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) इंडो जर्मन टूल रूममधून टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा केला, फिटिंगपासून सुरुवात केली. आज प्रेस टूलचं (पत्रा कापायच्या साच्याचं) डिझाइन आणि ट्रायल दोन्ही माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात आमचे टूलरूम मॅनेजर रिटायर झाले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, पहिल्या तारखेपासून तू बस त्या खुर्चीत. २२ माणसं, तीन शिफ्ट, प्लॅनिंग, रजा, कस्टमरचे फोन, वर्षाअखेरीस इन्क्रिमेंटचे फॉर्म. मी विचारलं, नाही म्हटलं तर? "जबरदस्ती नाही. पण तुझी ग्रेड आता संपली. वर जायचं तर हाच रस्ता."

माझं मत आधीच सांगून टाकतो. माणसं सांभाळणं हे वेगळं काम आहे. टूल चांगलं बनवतो म्हणून बक्षीस म्हणून ते कुणाच्या गळ्यात घालू नये, आणि जो नको म्हणतो त्याचा पगार त्यापायी अडवू नये.

आमचे मॅनेजर स्वतः अव्वल टूलमेकर होते. प्रेसमधून निघालेल्या ब्लँकच्या (कापलेल्या पत्र्याच्या तुकड्याच्या) कडेवरून अंगठा फिरवायचे, बर्र म्हणजे कडेला राहिलेली धार चाचपायचे आणि सांगायचे, "बर्र एकाच बाजूला आहे, पंच सरकलाय. ग्राइंडिंगला पाठवू नका." दहापैकी नऊ वेळा बरोबर. ते मॅनेजर झाले आणि नऊ वर्षं तसेच वागले. ट्रायलला काही अडलं की फोन ठेवून खाली यायचे, फिटरच्या हातातला ऑइल स्टोन घ्यायचे आणि स्वतःच बसायचे. फिटर बाजूला हाताची घडी घालून उभा. वर केबिनमध्ये रजेचे अर्ज पडलेले, थर्ड शिफ्टला कोण येणार ते संध्याकाळी सहापर्यंत ठरलेलं नसायचं. त्या नऊ वर्षांत आम्ही एक उत्तम टूलमेकर अर्धा वापरला आणि तो फिटर आजही एकट्याने ट्रायल पूर्ण करू शकत नाही. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, म्हणूनच हे लिहिताना वाईट वाटतंय. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, तुला हे काम आवडेल का म्हणून.

तुमच्याकडे काय अनुभव आहे?

जुना फोरमन

दादा, तुमचं दुखणं कळतंय पण निष्कर्ष पटत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर खुर्ची रिकामी राहणार आहे का? बाहेरून कुणीतरी येईल. मी ते भोगलंय. पिंपरीत एका कारखान्यात होतो, तिथे आमच्यावर एक साहेब आणले. माणूस हुशार, बोलायला गोड, आकडे तोंडपाठ. पण पोलाद त्याने हातात धरलेलं नव्हतं. एका ऑर्डरची तारीख गाठायची म्हणून डी-टू या टूल स्टीलच्या डाय प्लेटचं दुसरं टेम्परिंग (कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून आतला ताण कमी करणं) वगळायला लावलं. आम्ही सांगितलं, आत ताण राहतो, वायर कटला (बारीक तारेने, विजेच्या ठिणग्यांनी पोलाद कापणाऱ्या मशीनवर) दगा देईल. ऐकलं नाही. प्लेट वायर कटवर लावली, निम्मा प्रोफाइल कापून झाला आणि आवाज आला. जाऊन बघतो तर कोपऱ्यापासून चीर. आठ दिवसांची मेहनत आणि महागाचं पोलाद भंगारात. आणि मेमो मिळाला ऑपरेटरला.

त्या ऑपरेटरच्या बाजूने उभं राहायला त्या खुर्चीत पोलाद कळणारा माणूस हवा होता. तुमच्यासारखे जाणते लोक "मला माझं काम करू द्या" म्हणून बाजूला झाले की भोगतो तो मशीनवरचा पोरगा. म्हणून सांगतो, घ्या. आवड-निवड नंतर बघू.

अनघा

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, हिंजवडीला. मॅनेजर होऊन परत आलेली आहे, म्हणून लिहिते.

दहा वर्षं कोड लिहिल्यावर मला ११ जणांची टीम दिली. पहिले सहा महिने दिवसभर मीटिंग आणि मुलं झोपल्यावर रात्री अकराला लॅपटॉप उघडून कोड, असं चाललं. मला वाटायचं की कोड लिहिला तरच मी कामाची. टीममधल्या एका ज्युनिअर मुलीने शेवटी धीर करून सांगितलं, "मॅडम, सकाळी येऊन बघते तर माझं काम तुम्ही रात्रीच करून टाकलेलं असतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मदत करत होते आणि तिला वाटत होतं की तिच्यावर माझा भरवसा नाही.

मग अप्रेझल आलं. वरून बेल कर्व्ह होता. अकरा जणांत एक तरी तळाच्या खान्यात बसवायचा. माझ्याकडे तसा कुणीच नव्हता. ज्याला बसवलं त्याची आई त्या वर्षी आजारी होती, त्याच्या रजा जास्त झाल्या होत्या. त्याला समोर बसवून "कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी" हे वाक्य मी वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, "ठीक आहे मॅम" म्हणाला. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

दोन वर्षांनी मी मागे जायला मागितलं. कंपनीने दिलं, पगारही राखला. पण कँटीनमध्ये जो तो विचारायचा, "काय झालं गं, काढलं का?" आपल्याकडे मागे येणं म्हणजे पडणं. त्यामुळे साठ मायक्रॉन यांच्या बाजूने माझं मत. शिडी एकच ठेवली की चढता न येणारेही चढतात आणि उतरायला लाजतात.

जुना फोरमन

अनघाताई, त्या पोराला तळाला बसवलंत ते तुम्ही. दुसरा कुणी असता तर त्याने आईचं आजारपण विचारलंसुद्धा नसतं. तुम्हाला जेवण गेलं नाही, म्हणजेच तुम्ही त्या जागी हव्या होतात. आणि तुम्हीच निघालात.

अनघा

काका, हे लागलं मला. पण मला रडू आलं म्हणून त्याचं रेटिंग बदललं नाही. माझ्या हातात ते बदलणं असतं तर मी थांबले असते.

वॉर्ड नंबर सात

सरकारी रुग्णालयात परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) आहे. २१ वर्षं अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) होते, मग ज्येष्ठतेने बढती आली. आम्हाला कुणी आवड विचारत नाही. विचारावी असंही मला वाटत नाही.

तुम्ही सगळे असं लिहिताय की जणू हातचं काम हेच खरं काम आणि माणसांचं काम म्हणजे त्यातली अडचण. माझ्या वॉर्डात ४० खाटा आहेत आणि रुग्ण त्याहून जास्त असतात, जमिनीवर गाद्या टाकतो. ड्यूटी लावणं म्हणजे नुसता तक्ता भरणं नाही. रात्रीच्या पाळीला दोन सिस्टर मिळतात. दोघी नवीन ठेवल्या तर पहाटे तीनला रुग्णाचं ब्लड प्रेशर पडलं की दोघी गोंधळतात. दोघी जुन्या ठेवल्या तर दिवसाच्या पाळीत नवीन मुलीला शिकवायला कुणी उरत नाही. शिवाय एकीचं बाळ अंगावरचं पितं, एकीच्या सासऱ्यांचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार. हा तक्ता मी पेन्सिलने करते, खोडून खोडून कागद फाटतो. तो नीट जमला तर त्या रात्री सगळ्याच्या सगळ्या रुग्णांना वेळेवर औषध जातं. मी एकालाही हात लावलेला नसतो, तरी ती माझीच नर्सिंग असते. सुई टोचणारी असताना मी एका वेळी एक रुग्ण बघत होते.

फक्त एक मान्य. मला हे कुणी शिकवलं नाही. पहिलं वर्ष मी चुका केल्या आणि त्याची किंमत माझ्या हाताखालच्या सिस्टर मुलींनी डबल ड्यूटी करून भरली.

साठ मायक्रॉन

ताई, पेन्सिलच्या तक्त्याबद्दल मनापासून आभार. मी या कामाकडे असं पाहिलं नव्हतं. तरी माझा मुद्दा उरतो. तुमच्याइतकीच कसबी सिस्टर, जिला ४० खाटांच्या वॉर्डाचा तक्ता जमत नाही पण जिच्या हाताला लहान मुलाचीही शीर पहिल्या फटक्यात सापडते, तिने कुठे जायचं?

तुर्भे नाही, ट्रॉम्बे

त्याचं उत्तर आपल्याच देशात आहे. माझे वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात होते. तिथे वैज्ञानिक अधिकाऱ्यांच्या ग्रेड अक्षरांनी चालतात: सी, डी, ई, एफ, जी, एच. वरची जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागत नाही. ठरावीक वर्षं झाली की कामाचा आढावा आणि मुलाखत होते, काम असेल तर बढती. हाताखाली किती माणसं आहेत हा एकमेव निकष नाही. वडील शेवटपर्यंत प्रयोगशाळेत बसले आणि त्यांच्या विभागप्रमुखांच्या ग्रेडला पोचले होते. घरी कधी त्यांना आपण मागे राहिलो असं वाटलेलं पाहिलं नाही.

जुना फोरमन

ते सरकारचं घर. भोसरीच्या २२ माणसांच्या टूलरूममध्ये सहा अक्षरं कुठून आणायची? मालकाला एका मॅनेजरचा पगार परवडतो, दोन मॅनेजरइतके पगार नाही.

तुर्भे नाही, ट्रॉम्बे

सहा नकोत, एक पुरे. सोळा वर्षांचा टूलमेकर सोडून गेला तर नवा तयार व्हायला किती वर्षं लागतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. ती किंमत मालक हिशोबात धरत नाही, कारण ती पगारपत्रकात दिसत नाही.

श्टुटगार्टहून

इथे जर्मनीत मी सात वर्षं मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे. शॉप फ्लोअरवर माणसांचा प्रमुख व्हायचं तर माइस्टरची परीक्षा असते. कुशल कामगार नोकरी करता करता, संध्याकाळी आणि शनिवारी वर्गाला जाऊन ती देतात. त्यात तांत्रिक विषय आहेतच, पण कायदा, खर्चाचा हिशोब आणि कामावर माणसांशी कसं वागायचं यावर स्वतंत्र पेपर आहे. शिकाऊ मुलांना शिकवण्याची पात्रताही वेगळी सिद्ध करावी लागते. ज्याला तांत्रिक बाजूनेच पुढे जायचं आहे त्याला टेक्निकरची वेगळी वाट आहे.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. माणूस आधी शिकतो, शिकताना त्याला कळतं की हे आपल्याला झेपतं की नाही, आणि मग खुर्ची मिळते. आपल्याकडे शुक्रवारी तू फिटर, सोमवारी तू साहेब. वॉर्ड नंबर सात ताईंनी जे लिहिलं, की पहिल्या वर्षाची किंमत मुलींनी भरली, ते यामुळेच.

युनियनवाला

चर्चा चांगली चाललीय, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. साठ मायक्रॉन, बढतीचा कागद घेण्याआधी हे वाचा.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक काम करणारा "कामगार" या व्याख्येत बसायचा, पगार कितीही असो. मुख्यत्वे व्यवस्थापनाचं काम करणारा बसायचा नाही. सुपरवायझर ठरावीक पगारापर्यंतच. ती मर्यादा १०,००० रुपये होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० केली. बाकीची विभागणी तीच आहे. कामगार असताना कपातीत काढायचं झालं तर एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई हा तुमचा हक्क असतो, दाद मागायला जागा असते. मॅनेजर झालात की तुमच्या हातात उरतं ते नेमणूकपत्र. त्यात जे लिहिलंय तेवढंच.

नुसतं "मॅनेजर" नाव देऊन मशीनवरच काम करून घेत असतील तर गोष्ट वेगळी. कोर्ट पाटी बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. पण तुमच्याकडे इन्क्रिमेंटचे फॉर्म आणि रजा मंजूर करणं येणार आहे. म्हणजे तुम्ही पलीकडे गेलात. पगारवाढ मोजताना हेही मोजा. मंदीत बाहेर पडलेले अनेक मॅनेजर आमच्या ऑफिसला येतात. चहा पाजतो, कागद बघतो आणि सांगावं लागतं की आम्हाला काही करता येणार नाही.

जुना फोरमन

हे खरं आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. युनियनवाल्यांचं प्रिंट काढून साहेबांसमोर ठेवा. तरीही म्हणेन, घ्या. पण लिहून घ्या.

साठ मायक्रॉन

उशिरा लिहितोय. शनिवारी साहेबांना भेटलो. दोन गोष्टी मागितल्या. एक, सहा महिने करून बघतो, नाही जमलं तर आत्ताच्या ग्रेडला, आत्ताच्या पगाराला, नोकरीत खंड न पडता परत. दोन, टूलमेकरसाठी वरची एक ग्रेड काढा, मग ती मला मिळो की दुसऱ्या कुणाला. पहिल्यावर त्यांनी सही केली. दुसऱ्यावर म्हणाले, डायरेक्टरशी बोलतो. मी दर महिन्याला विचारणार आहे. माझं मत बदललेलं नाही. फोरमन काकांच्या त्या मेमो मिळालेल्या ऑपरेटरमुळे मी हो म्हणालो.

काल नव्या कामाचा चौथा दिवस. दुपारी ट्रायलला बर्र आला. १.२ मिलिमीटरचा पत्रा, एका बाजूला साठ मायक्रॉन क्लिअरन्स (पत्रा कापणारा पंच आणि खालचा डाय यांच्यातली फट), माझंच डिझाइन. तोच फिटर, ज्याच्याबद्दल वर लिहिलंय. मी खाली गेलो, ब्लँक त्याच्या हातात दिला आणि विचारलं, कुठल्या बाजूला आहे? त्याने अंगठा फिरवला. आधी चुकीचं सांगितलं, मग परत फिरवला. मी हात मागे बांधून उभा होतो, खूप जड गेलं. जे मी चाळीस मिनिटांत केलं असतं त्यासाठी त्याला तीन तास लागले. तेवढ्यात दोनदा कस्टमरचा फोन येऊन गेला आणि सेकंड शिफ्टच्या एकाचा सुट्टीचा अर्ज आला, मुलीचं बारसं आहे. तो मी उभ्याउभ्याच सही केला. साडेपाचला टूल ओके झालं.

अनघा

फार बरं वाटलं वाचून. एकच सांगते. परत यायची सोय ग्रेड आणि पगारापुरती लिहून घेतलीत, पण या सहा महिन्यांत तुमचं डिझाइनचं काम कुणाकडे जाणार आहे? मी परत आले तेव्हा माझं मॉड्यूल दुसऱ्याचं झालं होतं, वर्षभर मी इतरांच्या चुका दुरुस्त करत बसले. सोमवारी त्याच कागदावर ती ओळही घालून घ्या.