पावसाळा संपला की ट्रेकिंगचा ग्रुप थंडावतो?
ट्रेकिंगची वर्षातली खरी मजा जून ते सप्टेंबर, पुढे नुसते फोटो बघायचे, असं म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. आमचाही ग्रुप गणपतीनंतर गळतो, पण यंदाची सगळ्यात भारी ट्रिप झाली डिसेंबरात. पाचनई गावामार्गे हरिश्चंद्रगड. भर पावसात गडाच्या कोकणकड्यावर बहुतेक वेळा समोर नुसतं पांढरं धुकं. थंडीत खालचं कोकण दिसतं आणि कड्याचा आत वळलेला काळा कातळही. गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवतीचं कमरेएवढं पाणी इतकं गार, की पैज लावून उतरलेले दोघे अर्ध्या प्रदक्षिणेतच बोंबलत बाहेर! पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरलाय, तोही त्यांनी धड पाहिला नाही.

सांदण दरी ही अरुंद घळ तर पावसाळ्यात करूच नये. जानेवारी-फेब्रुवारीत जा, फक्त भिजायचे बूट वेगळे घ्या.