'पाच शेअर घ्या आणि निवांत झोपा' म्हणणाऱ्यांना उत्तर

ठाणेकर_टोरोंटोत:
काल इथे, आपल्या कॅनडातल्या मराठी मंडळींच्या धाग्यावर, कुणीतरी लिहिलं, "साठी जवळ आली? हायड्रो वन आणि फोर्टिस (वीज), एन्ब्रिज (पाइपलाइन), बीसीई (टेलिफोन-इंटरनेट) आणि एखादी बँक घ्या. सरकारी धोरणाचं छत्र आहे, डिव्हिडंड येत राहील, निवांत झोपा." खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

बीसीईने मे २०२५ मध्ये वर्षाचा ३.९९ डॉलरचा डिव्हिडंड १.७५ वर आणला. छत्राचं म्हणाल, तर बीसीईसारख्या बड्या कंपन्यांनी आपलं फायबरचं जाळं प्रतिस्पर्ध्यांना वापरू द्यावं, हा सीआरटीसी या दूरसंचार नियामकाचा २०२३ चा आदेश म्हणजेही धोरणच की!

आणि २००६ विसरलात? 'इन्कम ट्रस्टवर (कंपनीकर न भरता नफा गुंतवणूकदारांत वाटणाऱ्या ट्रस्टवर) कर लावणार नाही' असं निवडणुकीत सांगितलेल्या पक्षाच्याच अर्थमंत्र्याने, जिम फ्लॅहर्टींनी, ३१ ऑक्टोबरला बाजार बंद झाल्यावर कर जाहीर केला. पोराला हॅलोविनसाठी दारोदार फिरवून आणलं होतं. तो गालिच्यावर चॉकलेटांचे वाटे घालून मोजत होता आणि मी टीव्हीसमोर उभा. माझेही निम्मे पैसे ट्रस्टमध्येच होते.

निवांत_नाना:
ती पोस्ट माझीच. अंगठे खुपले वाटतं. एक बीसीई धरून किती धोपटणार? फोर्टिस पन्नासहून जास्त वर्षं दरवर्षी डिव्हिडंड वाढवतेय. हायड्रो वनला भांडवलावर किती परतावा घेता येईल ते ऑन्टॅरियो एनर्जी बोर्ड ठरवतं. मंदी आली म्हणून कुणी हिवाळ्यात दिवे घालवून बसत नाही. याला डिफेन्सिव्ह, म्हणजे मंदीतही तगणारा शेअर, नाही म्हणायचं तर कशाला?

आकडेमोड:
नाना, दिवे जळतात हो, पण बटण कुणाच्या हातात आहे? ऑन्टॅरियो प्रांताच्या २०१८ च्या निवडणुकीत डग फोर्ड हायड्रो वनच्या सीईओला घालवायचं वचन देऊन जिंकले. सीईओ गेले, अख्खं संचालक मंडळ गेलं. हे बघून डिसेंबरात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या नियामकाने हायड्रो वनला अविस्टा ही तिथली वीज कंपनी विकत घेऊ द्यायला नकार दिला. करार मोडल्याचे १०.३ कोटी अमेरिकी डॉलर कंपनीने भरले, म्हणजे तुम्ही-आम्हीच.

निवांत_नाना:
आणि तरीही २०१५ ला २०.५० डॉलरला आलेला शेअर आज दुपटीच्या वर आहे. बोला.

ठाणेकर_टोरोंटोत:
बरं बाबा, हायड्रो वन तुमचा. घ्या मिरवून.

कॅल्गरीची_काकू:
आमच्याकडे वेगळीच गंमत. 'डिफेन्सिव्ह घे' म्हटलं तर ह्यांनी डिफेन्स ऐकलं आणि लष्करी प्रशिक्षणातल्या सीएईचे शेअर घेऊन आले! म्हणे पंतप्रधान कार्नी लष्करावर खर्च वाढवणार. आणि धोरण काय फक्त आपल्या राजधानीत, ओटावात ठरतं? कीस्टोन एक्सएल ही अमेरिकेत जाणारी तेलाची पाइपलाइन बायडननी सत्तेवर येताच पहिल्याच दिवशी रद्द केली. आमच्या गल्लीतल्या दोन घरांत नोकऱ्या गेल्या. तुम्हा टोरोंटोवाल्यांना त्याचं काय!

आकडेमोड:
काकू, गाडी रुळावर आणतो. नानांनी ओएएसचा, म्हणजे सरकारी वृद्धापकाळ पेन्शनचा, हिशोब केलाच नाही. साध्या खात्यात १०० डॉलर डिव्हिडंड आला तर उत्पन्नात १३८ धरतात. ते धरून वर्षाचं एकूण उत्पन्न मर्यादेच्या (२०२५ साठी ९३ हजारांच्या थोडं वर) पलीकडे गेलं, की वरच्या प्रत्येक डॉलरमागे १५ सेंट ओएएस परत. ते शेअर टीएफएसएत, म्हणजे करमुक्त बचत खात्यात ठेवा.

परतीचं_तिकीट:
९३ हजार म्हणे! माझ्या सासूबाईंची इथे दहा वर्षं भरली नाहीत म्हणून ओएएसची दमडी नाही. आणि टीएफएसएचं कौतुक मला सांगू नका. पुण्यात परतून पूर्ण रहिवासी झालात की भारताचा आयकर त्याला ओळखसुद्धा दाखवत नाही. ओएएस तर बंदच.

ठाणेकर_टोरोंटोत:
बंद? कुणी सांगितलं? वयाच्या अठराव्या वर्षानंतरची २० वर्षं इथे काढली असतील तर जगात कुठेही मिळतं.

परतीचं_तिकीट:
माझी १६ आहेत. उपदेश तुमच्याजवळ ठेवा.

आकडेमोड:
भारत-कॅनडा सामाजिक सुरक्षा करार ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे. तिकडे पेन्शन योजनेत भरलेली वर्षं पात्रतेसाठी मोजतात. रक्कम मात्र इथल्याच वर्षांची, म्हणजे चाळिसातले सोळा भाग.

निवांत_नाना:
व्वा! कोथरूडला फ्लॅट घेऊन ठेवायचा, गच्चीत बसून आमच्या करातून ओएएस खायचं.

परतीचं_तिकीट:
तोंड सांभाळा. १६ वर्षं रात्रपाळी केली आहे, त्यातली ११ गोदामात, उणे वीसमध्ये ट्रक रिकामे करत. कर मीही भरलाय. तुमच्या डिव्हिडंडला सवलत मिळते, माझ्या पगाराला नाही मिळाली.

निवांत_नाना:
…गोदामाचं माहीत नव्हतं. शब्द मागे. फ्लॅटचं मत तेच.

ठाणेकर_टोरोंटोत:
मूळ मुद्द्यावर या. माझा तीन वर्षांचा घरखर्च जीआयसीत, म्हणजे मुदत ठेवींत आहे, दरवर्षी एक सुटते. म्हणजे कुठल्याही मंत्र्याने बाजार बंद झाल्यावर काहीही जाहीर केलं तरी पडत्या भावात विकायला लागू नये. उरलेल्यात एकही कंपनी पाच टक्क्यांच्या वर नाही, फोर्टिससुद्धा.

निवांत_नाना:
म्हणजे फोर्टिस तुमच्याकडेही आहे!

ठाणेकर_टोरोंटोत:
आहे. झोप यावी म्हणून नाही घेतला.

कॅल्गरीची_काकू:
ह्यांना सगळा धागा वाचून दाखवला. विचारताहेत, कोथरूडला काय भाव चाललाय?