शो रद्द, सुविधा शुल्क गिळलं. वकील हवाच का?

प्रश्न: नाशिकमधला कार्यक्रम आयोजकांनीच रद्द केला. तिकीट कंपनी ४ तिकिटांचे पैसे देते, पण सुविधा शुल्क नाही. वकील नुसत्या नोटिशीचे ५,००० मागतात. कंपनी बंगळुरूची, मग तिकडे जायचं का?

उत्तर १: मुळीच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. वकील सक्तीचा नाही. मोबदला, म्हणजे तुम्ही भरलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर फीही शून्य. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, बरेचदा तेवढ्यानेच पैसे सुटतात.

उत्तर २: बहुतेक जण नावात चुकतात. नोटीस ॲपच्या नावाने धाडतात! बिलाच्या तळाशी जीएसटी क्रमांकाजवळ बारीक अक्षरात कंपनीचं नोंदणीकृत नाव असतं, तेच घाला. आयोजकालाही प्रतिवादी करा, नाहीतर कंपनी त्याच्याकडे बोट दाखवून मोकळी होते. नोटीस स्वतः लिहा, १५ दिवसांची मुदत द्या, पोचपावती जपून ठेवा.

उत्तर ३: रद्द झाल्याचा मेसेज आजच साठवा, ॲपमधून तो गायब होऊ शकतो. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. आयोगात तक्रार करायची मुदत २ वर्षं. हेल्पलाइनवरच्या तक्रारीने ती थांबत नाही.