टोमॅटो बियाण्यातला विषाणू: उन्हाळ्यात तंबाखूवरची चाचणी कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. जालन्यात बियाणे आरोग्य तपासणीचं काम करतो. निर्यातीसाठीचा टोमॅटोचा एक लॉट एलायझात (प्रतिपिंडांनी विषाणू ओळखणारी चाचणी) टोबॅमोव्हायरससाठी (तंबाखू मोझॅकच्या गटातले विषाणू) पॉझिटिव्ह आला. विषाणू निष्प्रभ करायला बियाण्यावर ट्रायसोडियम फॉस्फेटची प्रक्रिया केली, तरी एलायझा आणि आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) दोन्ही पॉझिटिव्हच. यात नवल नाही, या चाचण्यांना निष्प्रभ विषाणूचे अवशेषही दिसतात. संसर्ग अजून होतो का, हे जिवंत झाडच सांगेल.

म्हणून झांथी एनएन तंबाखूच्या पानांवर कार्बोरंडम (बारीक ओरखडे पाडणारी पूड) टाकून बियाण्याचा अर्क चोळतो. या तंबाखूतलं एन जनुक विषाणूला जागीच रोखतं, आणि तिथे ठिपका पडतो. हिवाळ्यात पॉझिटिव्ह कंट्रोलवर (मुद्दाम जिवंत विषाणू चोळलेल्या रोपांवर) तीन-चार दिवसांत स्पष्ट ठिपके यायचे. आता एप्रिलात कंट्रोलवरही काही नाही, त्यामुळे नमुन्याच्या निगेटिव्ह निकालाला अर्थच उरत नाही. कारण मला तापमानच वाटतं: साधारण २८ अंशांच्या वर एन जनुकाचा प्रतिकार ढासळतो, ठिपके पडत नाहीत आणि विषाणू झाडभर पसरतो. ताजा बफर, नवा कार्बोरंडम, कोवळी रोपं, सगळं करून झालं. निकोटियाना ग्लुटिनोझातही तेच जनुक, म्हणजे तीच अडचण.

ग्रोथ चेंबर (तापमान-उजेड नियंत्रित कपाट) नाही, या हंगामात मिळणारही नाही. एसी खोली आहे, पण ट्यूबच्या उजेडात रोपं लांबुडकी होतात.

रोपं शेडनेटमध्ये वाढवून फक्त अर्क चोळल्यानंतर एसीत हलवली तर ठिपके भरवशाचे येतात का? की उन्हाळ्यापुरतं तंबाखूऐवजी चिनोपोडियम क्विनोआ हे चाचणीचं झाड वापरावं? बियाण्याच्या अर्कावर हे कुणी प्रत्यक्ष केलंय का?