रविवारची चाचणी, आजारी न पडलेली आजी आणि आमची वाढती मुले

मोहननगरची आई

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आम्ही नागपुरात राहतो. माझा मुलगा सोळा वर्षांचा असून अकरावीत आहे आणि ‘नीट’च्या शिकवणीला जातो; मुलगी चौदा वर्षांची आहे. शिकवणीची सराव चाचणी दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे नेमकी उपासनेच्या वेळी असते. त्या रविवारी तो चर्चला येत नाही आणि हे आम्ही कुरकुरत का होईना, मान्य केले आहे. माझी अडचण चाचणीची नाही.

गेल्या नाताळच्या दिवशीही चाचणी ठेवलेली होती आणि तिला तो गेला नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या एका मित्राचा फोन आला, तो मी उचलला, आणि त्या मुलाने अतिशय काळजीने विचारले, “काकू, आजींना आता कसं आहे?” चौकशी केल्यावर कळले की चिरंजीवांनी नाताळची गैरहजेरी ‘आजीला लकवा मारला’ या कारणाखाली खपवली होती. त्या दिवशी आजी आमच्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून करंज्यांना मुरड घालत होत्या. आमचे आडनाव इतर मराठी आडनावांसारखेच असल्याने आम्ही ख्रिस्ती आहोत हे शिकवणीत कुणाला आपोआप कळण्याचे कारण नाही आणि त्यानेही ते दीड वर्षात एकालाही सांगितलेले नाही.

मुलीचे नेमके उलटे आहे. बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकातील लढायांचा पाठ चालू असताना तिने शब्बाथशाळेत (चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) विचारले की त्या लढायांत मारल्या गेलेल्या कनानी लोकांच्या लहान मुलांनी काय अपराध केला होता. विश्वास ठेवणाऱ्यांनी असे प्रश्न काढू नयेत, असे शिक्षिकाबाईंनी सांगितले. तेव्हापासून ती शेवटच्या बाकावर गप्प बसते.

मला भांडखोर मुले नकोत. दुसऱ्याच्या देवाला नावे ठेवणे म्हणजे धीटपणा, असे मानणारी तर मुळीच नकोत. मात्र आपण कोण आहोत आणि कशासाठी जगतो, हे त्यांना उद्या शांतपणे सांगता यावे आणि त्याची काही किंमत मोजावी लागली तर ती मोजण्याचे बळ असावे, एवढे वाटते. हे घरात कसे घडते?

जुना शब्बाथशाळा शिक्षक

ताई, सलाम. तुमच्या मुलाने खोटे सांगितले हे खरे, पण त्या दिवशी तो चाचणीला गेला नाही, घरी राहिला, हेही तितकेच खरे आहे. त्याला नाताळ हवा होता. लोकांसमोर त्याचे नाव घेण्याचा धीर मात्र नव्हता. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते भरून काढणे हे आपले काम आहे आणि ते रागावून भरत नाही.

मी सत्तावीस वर्षे शब्बाथशाळेत शिकवले आणि त्यातली पहिली वीस वर्षे एकच चूक करत राहिलो, ती येथे मोकळेपणाने लिहितो. मी मुलांकडून वचने पाठ करून घेतली, वर्षअखेरीस बक्षिसे दिली, आणि मुले घडली असे समजलो. त्या मुलांना स्तोत्र तेवीस झोपेतही म्हणता येई. पण त्यांच्या हाती खरे काम, ज्यात चूक झाली तर कुणाचे तरी नुकसान होईल असे काम, आम्ही कधी दिले नाही. नाताळच्या कार्यक्रमात नाचणे आणि खुर्च्या उचलणे, एवढ्यापुरतेच आमचे ‘तरुण हे मंडळीचे (चर्चचे) भविष्य’ असे.

एका वर्षी माणसे कमी पडली म्हणून, शहाणपणाने नव्हे, कापणीच्या सणातील लिलावाची वही आम्ही दहावीतल्या दोन मुलांकडे सोपवली. भोपळे, गहू, कोंबडा, संत्र्यांच्या टोपल्या, घरचे केक, सगळ्यांच्या बोली त्यांनी लिहिल्या. शेवटी तीनशे चाळीस रुपये कमी भरले. समितीतले एक गृहस्थ लगेच म्हणाले, “म्हणूनच पोरांच्या हाती हिशेब देऊ नये.” त्या दोघांतली मुलगी वही घेऊन उठली आणि म्हणाली, “हिशेब बरोबर आहे. दोन बोली लागल्या आहेत, पण पैसे आलेले नाहीत. नावे वाचू का?” सभागृहात जी शांतता पसरली, तशी मी प्रार्थनेच्या वेळीही कधी अनुभवलेली नाही. नावे वाचावी लागली नाहीत. पैसे त्याच संध्याकाळी आले. त्या मुलीला धैर्यावर कुणी प्रवचन दिले नव्हते. वही तिची होती, म्हणून ती उभी राहिली.

तुमच्या मुलासाठी शास्त्रातले उदाहरण हवे असेल, तर सगळे पेत्राचे देतात, ज्याने भीतीपोटी येशूला तीनदा नाकारले. मला मात्र मार्क जवळचा वाटतो. पौल आणि बर्णबा या आद्य प्रचारकांच्या पहिल्याच प्रवासात हा तरुण त्यांना अर्ध्या वाटेवर सोडून यरुशलेमेला परत गेला. पुढच्या प्रवासात त्याला न्यावे की नाही यावरून त्या दोघांत एवढा वाद झाला की ते वेगळे झाले. पौलाने त्याला नाकारले आणि बर्णबा त्याला घेऊन कुप्रास गेला. पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना तोच पौल सांगतो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबाने त्याच्याशी काय केले हे कुठे लिहिलेले नाही. एवढेच दिसते की त्याला टाकले नाही आणि काम दिले.

एक बाप, प्रतापनगर

गुरुजींशी बऱ्याच अंशी सहमत आहे. तरी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. भरलेल्या वर्गात एकटा असलेला मुलगा गप्प राहतो, त्याला आपण भित्रेपणा म्हणून मोकळे होतो. पण हल्ली कोण कशावरून काय बोलेल याचा अंदाज त्या मुलाला आपल्यापेक्षा अधिक असतो. त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा करण्याआधी आपण स्वतःकडे पाहावे. मी एका खासगी कंपनीत आहे. अकरा वर्षे मी उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) रजा ‘घरगुती काम’ असे लिहून घेतली. एकदा तो अर्ज भरताना माझा मुलगा शेजारी बसला होता. त्याने विचारले, “घरगुती काम काय आहे, बाबा?” मला उत्तर देता आले नाही. पुढच्या वर्षी मी अर्जावर उत्तम शुक्रवार असे लिहिले आणि साहेबांनी न बघताच सही केली. अकरा वर्षांची भीती त्या एका सहीत संपली, आणि संपल्यावर जी लाज वाटली ती वेगळीच.

आणखी एक. मुले घरी आपल्या तोंडून मंडळीविषयी काय ऐकतात? निवडणुका, कोर्टातले दावे, कोण कोणाशी बोलत नाही. आपल्याच नागपूरच्या सदर भागात, ऑल सेंट्स कथीड्रलच्या आवारात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या आपापली नावे सोडून उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) म्हणून एक झाल्या आणि त्यासाठीची बोलणी १९२९ पासून, म्हणजे चार दशके, चालली होती. बोलणी सुरू करणाऱ्यांतल्या अनेकांना तो दिवस पाहायला मिळाला नसणार. ही गोष्ट माझ्या मुलाला मी परवा सांगितली, तेव्हा त्याला ती खरी वाटेना.

दगडगोटे

मी बावीस वर्षांची आहे, नागपुरातच भूगर्भशास्त्र शिकते, आणि आठ वर्षांपूर्वी त्याच शेवटच्या बाकावर बसलेली मुलगी होते, म्हणून काकूंच्या मुलीविषयी लिहिते.

माझा प्रश्न नोहाच्या तारवाचा, म्हणजे बायबलमधील महापुराच्या कथेतल्या नौकेचा होता. मला गप्प बसवले गेले नाही याचे कारण आमचे त्या वेळचे पाळकसाहेब. ते म्हणाले, “मला याचे नीट उत्तर देता येत नाही. पुढच्या रविवारपर्यंत वाचून येतो, तूही वाचून ये.” ते खरोखर वाचून आले. उत्तराने माझे समाधान झाले नाही, हे मी त्यांना सांगितले, आणि तरीही त्यांनी पुढचा रविवार ठरवला. मी आज मंडळीत आहे ती त्या दुसऱ्या रविवारमुळे. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न करत होता, असे लूक लिहितो. तेथे कुणी त्याला शेवटच्या बाकावर पाठवलेले दिसत नाही.

मुलीला पंडिता रमाबाई जरूर सांगा, पण गुळगुळीत करून सांगू नका. सोळाव्या वर्षाच्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले; पुढे भावाबरोबर देशभर पायी हिंडून, संस्कृतच्या बळावर कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी मिळवली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ज्या ख्रिस्ती धर्मभगिनींच्या (नन्सच्या) आश्रयाला होत्या त्यांच्याशीच धर्ममतांवरून पत्रापत्री करून वाद घातला. समजल्याशिवाय मान्य करणार नाही, हा त्यांचा बाणा बाप्तिस्म्यानंतरही सुटला नाही. याच बाईंनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे पवित्र शास्त्र मराठीत आणले. प्रश्न विचारणारी मुलगी विश्वासातून निसटत चालली आहे, असे समजणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

आता ‘कशासाठी जगतो’ याविषयी थोडे. आमच्याकडे हुशार मुलाने डॉक्टर व्हावे आणि भक्तिमान मुलाने सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) जावे, असे दोनच रस्ते असल्यासारखे बोलले जाते. आपण ज्यांच्या नावाच्या कॉलेजात जातो ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. ते मिशनरी होते आणि त्यांनी येथे शाळा काढली. शिवाय टाकळीच्या खडकांतले जीवाश्म गोळा केले आणि गोंडांच्या कथा लिहून घेतल्या. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांच्या शिकवण्यात आणि दगड गोळा करण्यात मला भिंत दिसत नाही. काकू, तुमच्या मुलाला डॉक्टर व्हायचे आहे की ते तुम्हाला हवे आहे, हे मी विचारणार नाही, पण त्याला एकदा विचारून पाहा.

सेमिनरी हिल्स

मी कॅथलिक आहे, त्यामुळे रीत थोडी वेगळी. आमच्याकडे दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या वेळी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एक प्रौढ व्यक्ती उभी राहते आणि साधारणपणे ती त्याची आई किंवा वडील नसते. विधी संपला की बहुतेक जण घड्याळ किंवा पाकीट देऊन मोकळे होतात, ही आमची खंत. मी ज्याच्यासाठी उभा राहिलो त्या मुलाला महिन्यातून एकदा चहाला नेतो. पहिले सात-आठ महिने तो फक्त क्रिकेटविषयी बोलला. मग एका संध्याकाळी वडिलांना सांगता येत नव्हते ते सगळे बोलला. तुमच्या मंडळीत असा कुणी मामा-काका शोधा. नातेवाईक नसला तर उत्तमच.

मोहननगरची आई

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण लगेच लिहिण्यासारखे काही नव्हते.

मी मुलाला रागावले नाही. प्रतापनगरच्या दादांचा अर्जाचा प्रसंग त्याला वाचून दाखवला आणि मीही नोकरीत असताना दुपारच्या डब्यापूर्वी प्रार्थना करताना डोळे मिटत नसे, हे सांगितले. त्याने ते ऐकून घेतले, काही बोलला नाही. चार दिवसांनी स्वतःच म्हणाला की खरी भीती चिडवण्याची नव्हती, कुणी “मग तुम्ही नक्की काय मानता?” असे विचारले तर सांगता येणार नाही, याची होती. म्हणजे ज्याला मी लाज समजत होते ते रिकामेपण होते, आणि त्यात आमचाही वाटा आहे. आता गुरुवारी रात्री जेवणानंतर आम्ही मार्काचे शुभवर्तमान वाचतो, आणि मुलीला प्रश्न विचारण्याची पूर्ण मुभा आहे, जी ती अर्थातच वसूल करते. कनानी मुलांच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता आलेले नाही. पाळकसाहेबांना तो लिहून दिला आहे.

पुनरुत्थानाच्या रविवारीही (ईस्टरलाही) चाचणी आहे. त्याने शिकवणीच्या सरांना स्वतः फोन करून खरे कारण सांगितले. सर म्हणाले की सोमवारी बसून पेपर सोडव, पण क्रमवारीत नाव लागणार नाही. त्याला ते लागले आहे, कारण यंदा पहिल्या दहात येण्याची आशा होती. अजून तो नक्की काय करणार हे ठरलेले नाही आणि मी विचारत नाही.

मित्राला मात्र खरे सांगितले, कारण तो पेढे घेऊन आजींना भेटायला येणार होता. तो आला. आजींनी पेढा खाल्ला, दोघांना समोर बसवले आणि नातवाला म्हणाल्या, “मला आजारी पाडायचंच होतं तर साधा ताप सांगायचास. लकवा कशाला रे?”