नेस्टा कार्टरपायी बोल्टचं सोनं का काढायचं?

सांजवारा: काल बीजिंग 2008 ऑलिंपिकची चार बाय शंभर मीटर रिलेची फायनल पुन्हा बघितली. जमैकाकडून पहिला कार्टर, मग फ्रेटर, वळणावर बोल्ट, शेवटी पॉवेल. बॅटन दिल्यावरही बोल्ट पॉवेलच्या मागे ओरडत पळतोय! 37.10, तेव्हाचा विश्वविक्रम. पुढे 2016 मध्ये जुने नमुने परत तपासले, कार्टरच्या नमुन्यात मिथाइलहेक्सेनअमाइन हे उत्तेजक निघालं आणि जानेवारी 2017 मध्ये अख्ख्या संघाचं सोनं गेलं. बोल्टची नऊ होती, आठ उरली. फक्त प्राथमिक फेरीत धावलेल्या ड्वाइट थॉमसचंही गेलं. कार्टरला द्या हवी ती शिक्षा, पण बाकीच्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

खडूसकाका: त्यांना गुन्हेगार म्हणतंय कोण? पदक वेळेला मिळालं होतं, आणि त्या 37.10 मधले पहिले शंभर मीटर कार्टरचे होते. ते बाजूला काढून उरलेली शर्यत दाखव बघू.

सांजवारा: काका, दुसरा आलेला त्रिनिदाद 38.06 वर होता. जवळजवळ एक सेकंद मागे! कार्टरच्या जागी थॉमस पळाला असता तरी हेच जिंकले असते.

खडूसकाका: 'असता तरी'ला पदक नसतं रे बाबा. प्राथमिक फेरीत पॅटनकडून बॅटन टायसन गेच्या हातात नीट गेली असती, तर अमेरिकाही फायनलला असती.

रेवा: सगळे बोल्टसाठी हळहळतायत. त्रिनिदादचा पहिला धावपटू कीस्टन ब्लेडमन. कार्टर ज्या बंदुकीच्या आवाजावर सुटला, त्याच आवाजावर तोही सुटला. त्याने आठ वर्षं रुपं बाळगलं. त्याच्यासाठी कुणी धागा काढला का?

कायद्याचं_बोला: दोन्ही बाजूंना जरा थांबवतो. सिडनी 2000 मधली अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्स डोपिंगमध्ये अडकली, तेव्हा तिच्या दोन्ही रिलेंमधल्या सोबतिणींची पदकंही काढून घेतली होती. 2010 मध्ये क्रीडा लवादाने ती परत दिली, कारण एकीपायी सगळा संघ बाद करायचा नियम 2000 साली नव्हताच. 2008 ला होता. 2018 मध्ये कार्टरचं अपीलही फेटाळलं गेलं. मला खटकतं ते वेगळंच. कार्टरच्या नमुन्यातलं हे द्रव्य बंदीच्या यादीत नावानिशी आलं 2010 मध्ये. त्याआधी ते 'तत्सम रचनेचं' म्हणून बंदीत धरलं जायचं. धावपटूने काय रसायनशास्त्राची पदवी घेऊन पावडरीचा डबा उघडायचा?

रेवा: नाही. ज्याच्या पोटात जाणार आहे त्याने डॉक्टरला विचारायचं. कार्टर काही शाळकरी पोर नव्हता. 2010 मध्ये शंभर मीटर 9.78 मध्ये पळालाय तो.

मधलीबहीण: आठवीत तालुक्याच्या रिलेला मी तिसरी. चुन्याच्या रेषा, हातात सुतारकाकांनी तासून दिलेला दांडका. पहिल्या आलो. दुपारी कळलं, आमच्यातल्या एकीचा वयाचा दाखला खोटा. चौघींनाही बाद. त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही आणि पुढे कधीच बोलले नाही. गेल्या वर्षी एका लग्नात ती पंगतीत समोरच बसली होती. मी पान घेऊन दुसऱ्या ओळीत गेले. काका, तुमचा नियम बरोबर असेल, पण आम्हा तिघींना साधं विचारलंही नाही कुणी.

खडूसकाका: ताई, दुसऱ्या आलेल्या शाळेतल्या चौघींनाही कुणी विचारलं नसतं. 2018 च्या आशियाई स्पर्धेत मिश्र रिलेत अनस, पूवम्मा, हिमा आणि आरोकिया राजीव बहरीनमागे दुसरे आले. पुढे बहरीनची अडेकोया डोपिंगमध्ये अडकली आणि सोनं आपल्याला मिळालं. तेव्हा बहरीनच्या उरलेल्या तिघांसाठी इथे किती जण रडले होते?

सांजवारा: एकही नाही. मीसुद्धा नाही. पेढे वाटले होते. तरी थॉमसचं मला पटत नाही.